सातबारावरची जमीन आणि रानातली माती

पावसाळा सरला की आपल्या शाळेची मुले जुन्नरजवळच्या मानमोडीच्या डोंगरावर लेणी पाहावयास जातात. त्या डोंगरावरील एका लेणीसमूहाला भीमाशंकर हेच नाव आहे. ज्या भीमाशंकरच्या डोंगररांगेतून भीमा आणि घोड या नद्या निघतात, ते स्थान निराळे. परंतु नावाच्या या साम्यामुळे मुलांचे कुतूहल हमखास जागे होते. या समूहात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. लेखात वर्ष ४६ दिलेले असून ते सामान्यतः इ. स. १२४ मानले जाते. अयमाने भिक्खूसंघासाठी एक मंडप आणि एक ‘पोढी’ दान दिली. पोढी म्हणजे कातळात कोरलेले पाण्याचे टाके.

मानमोडीच्याच लेण्यांत दुसरा एक लेख आहे. तो आडुथुम नावाच्या शक उपासकाचा. त्याने दिलेल्या दानात वडालिका येथील करंजाशी निगडित वीस निवर्तने आणि कटपुतक येथील वडाशी निगडित नऊ निवर्तने जमीन नोंदलेली आहे. निवर्तन हे त्या काळचे जमीन मोजण्याचे माप. हे दान वृक्ष लावण्यासाठी असावे, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे.

इतिहासाचा शिक्षक म्हणून हे दोन लेख मुलांना वाचून दाखविताना माझ्या मनात दर वेळी एकच विचार येतो. लेणी कोरणाऱ्यांनीही डोंगर खोदला, हजारो गाड्या दगड बाहेर काढला. परंतु जाताना त्यांनी मागे निवारा आणि पाणी ठेवले. जमिनीची नोंद करताना तिच्या मापासोबत तिच्यावरचे झाडही दगडावर लिहिले. आजही आपल्या परिसरात खोदकाम चालूच आहे. रस्ते हवेत, घरांच्या जोत्यात भराव हवा, त्यासाठी मुरूम हवा. याविषयी तक्रार नाही. प्रश्न एवढाच की, खोदणारा निघून गेल्यावर मागे काय उरते, आणि जे उरते त्याला पुन्हा जमीन म्हणता येईल काय? या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मुरूम म्हणजे काय, आणि माती म्हणजे काय

सह्याद्रीचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थिजलेला थर. ऊन, पाऊस आणि पाण्यातील सौम्य आम्लता यांमुळे तो वरून कुजत जातो. अर्धवट कुजलेला, कुदळीने फुटणारा, तांबूस-करडा भुगा म्हणजे मुरूम. तो आणखी कुजून, त्यात पालापाचोळा, शेण, मुळे, गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव मिसळले की मग माती होते. एक इंच माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. जुन्नर-आंबेगावच्या माळरानावर ही माती बऱ्याच ठिकाणी वीतभरसुद्धा नसते. वरचे सहा-आठ इंच काळसर, त्याखाली फिकट माती, त्याखाली मुरूम आणि मग खडक, अशी ही उतरंड आहे.

पिकाला लागणारे अन्न मुख्यतः वरच्या थरात असते. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र धरून ठेवणारे जिवाणू आणि मुळांना स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा नावाची बुरशी यांची वस्तीही तेथेच. मुरुमात खनिज द्रव्ये असतात, परंतु त्यात सेंद्रिय अंश जवळपास नसतो आणि पाणी धरून ठेवण्याची ताकदही फार कमी असते. म्हणून मुरूम काढून नेल्यावर जमिनीचे क्षेत्रफळ तेवढेच राहते; पण तिचे पोट गेलेले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमीन लहान की मोठी हे केवळ तिच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, उत्पादनाच्या इतर साधनांशी तिचे प्रमाण काय आहे यावरून ठरते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. मुरुमाच्या खाणींकडे पाहताना मला त्यांचा हा विचार नेहमी आठवतो. सातबाऱ्यावर एकर-गुंठे लिहिलेले असतात. मातीची जाडी कोठेच लिहिलेली नसते.

ही जमीन आपल्याकडे कशी आली

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जी थोडीफार जमीन आहे, तिच्यामागे मोठा इतिहास आहे. काहींकडे ती वतनाची होती. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याच्या कायद्यानंतर ती रयतावा झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर कसत असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या व इतर भूमिहीनांच्या वहिवाटी नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला.

गायरान म्हणजे बहुधा गावाची सर्वांत हलकी जमीन. वर वीतभर माती, खाली मुरूम. म्हणूनच ती भूमिहीनांच्या वाट्याला आली आणि म्हणूनच पुढे मुरूम काढणाऱ्यांचे लक्षही प्रथम तिच्याकडेच गेले. ज्या कुटुंबाकडे दुसरे शेत नाही, त्याचा वीतभर थर गेला की पिढ्यांच्या झगड्यातून मिळालेले सारेच गेले.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. घोड नदीच्या खोऱ्यात आमची सव्वा एकर गायरानाची जमीन. वडिलांनी ती दगड वेचून, बांध घालून लागवडीखाली आणली. बाजरी, हुलगा, मटकी एवढे पिकायचे. पण घरचे पिकायचे. सुमारे वीस वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामासाठी मुरूम शोधणारा एक ठेकेदार आला. ‘उंचवटा काढून देतो, सपाटीकरण फुकट होईल’, असे त्याने सांगितले. मी तेव्हा नोकरीच्या गावी होतो. वडिलांनी मला निरोप धाडून विचारले आणि मीच, एम. ए. झालेला मुलगा, ‘होऊ द्या’ म्हणालो. या चुकीचा दोष मी इतर कोणावर टाकू शकत नाही.

चार दिवसांत जेसीबीने वरची काळी माती एका कडेला ढकलली, तिच्यावर दगडगोटे लोटले आणि खालचा मुरूम डंपरमध्ये भरला. अर्ध्या रानात दहा फुटांचा खड्डा पडला. उरलेल्या अर्ध्यात यंत्रांच्या चाकांनी चेचलेली, फरशीसारखी टणक जागा राहिली. पुढच्या पावसाळ्यात तेथे पेरलेली बाजरी घोट्याएवढी होऊन पिवळी पडली. दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडील बांधावर बसले होते. ते एवढेच म्हणाले, “सातबारा हाये तसाच हाये रं, पर रान कुठं गेलं?”

एका एकराचा हिशेब

मुरूम आणि माती ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर सहा इंच मातीचा थर म्हणजे २१,७८० घनफूट, अर्थात सुमारे २१८ ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती बसते, असे धरले तर एका एकरावरचा गेलेला थर परत आणावयास दोनशेहून अधिक खेपा लागतात. एका गुंठ्याला साडेपाच ब्रास. हा हिशेब आठवीच्या मुलालाही येतो. परंतु सौदा करताना तो कोणीच मांडत नाही. मुरुमाचा दर ठरतो आणि मातीला मोल लावले जात नाही.

म्हणून जमीन पूर्ववत करण्याचे काम खाण बंद झाल्यावर सुरू होत नसून खाण सुरू होण्यापूर्वीच सुरू होते.

खोदण्यापूर्वी

पहिली गोष्ट, वरची काळी माती आणि तिच्याखालची फिकट माती स्वतंत्रपणे काढून दोन वेगळ्या ढिगांत ठेवावी. दोन्ही एकत्र झाल्या की चांगल्या मातीचा कस पातळ होतो. माती ओली चिकट असताना काढू नये. ती दाबली जाऊन तिची घडण मोडते. ढीग पुरुषभर उंचीहून अधिक नसावा, कारण उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि मातीतले जीव मरतात. ढिगावर ताग किंवा गवत पेरावे, म्हणजे पावसाने तो वाहून जात नाही आणि मुळांच्या आधाराने माती जिवंत राहते. आणि हे ढीग शक्यतो वर्ष-दोन वर्षांच्या आत पुन्हा पसरावेत. माती साठवून ठेवली की टिकते, हा गैरसमज आहे.

दुसरी गोष्ट, खड्ड्याची खोली, काठाचा उतार आणि माती परत पसरण्याची जबाबदारी यांची लेखी नोंद करावी. तोंडी शब्दाला यंत्र निघून गेल्यावर किंमत उरत नाही.

खोदल्यानंतर

ज्यांच्या रानात आमच्यासारखे घडून गेले आहे, त्यांनी काय करावे? क्रम महत्त्वाचा आहे.

प्रथम काठ. उभ्या कडा ढासळत राहतात आणि शेजारचे शेतही खातात. त्या कापून निवांत उतार किंवा पायऱ्या कराव्यात. दगडगोटे तळाशी, मुरूम त्यावर, माती सर्वांत वर, अशी निसर्गाचीच उतरंड पुन्हा लावावी.

नंतर पाणी. वरच्या अंगाने येणारे पाणी समतल चर काढून अडवावे व एका ठरावीक वाटेने बाहेर काढावे. ही वाट न करता नवी माती टाकली, तर पहिल्याच वळवात ती ओढ्याला मिळते.

मग तळ फोडणे. यंत्रांनी दाबलेल्या थरातून मूळ खाली उतरत नाही आणि पाणीही मुरत नाही. तो दीड-दोन फूट खोल नांगरून किंवा टिकावाने फोडून घ्यावा. तो फुटला की नाही, हे पाहण्याची साधी रीत आहे. हातभर खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच साचलेले दिसले, तर तळ अजून बंद आहे असे समजावे.

यानंतरच माती. पूर्वीची माती उरली नसेल तर गाळ हा उत्तम पर्याय. पाझर तलावांत आणि धरणांत साचलेला गाळ म्हणजे आपल्याच शिवारातून वाहून गेलेला वरचा थर होय. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ पासून त्याच विचारावर उभी आहे. मात्र दूरवर पातळ गाळ विखुरण्यापेक्षा थोड्या क्षेत्रावर पुरेशी जाडी द्यावी आणि तो खालच्या मुरुमात हलका मिसळून घ्यावा. नाहीतर दोन थरांच्या सांध्यातून पाणी धावते आणि वरचा थर घसरतो.

शेवटी मातीत जीव भरणे. शेणखत, पालापाचोळा, साखर कारखान्याची कुजवलेली मळी, आणि दोन-तीन वर्षे ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडणे. या वर्षांत मुख्य पिकाची अपेक्षा ठेवू नये. हुलगा, मटकी, तूर ही द्विदल पिके आधी घ्यावीत, बाजरी नंतर.

जेथे शेती शक्यच नाही तेथे गवत आणि झाडे. बांधावर व उतारावर पवन्या, मारवेल ही गवते, स्टायलो, निरगुडी, खैर, शिवण, करंज. करंज हे द्विदल कुळातले झाड. त्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी येतात, ते हलक्या जमिनीत तग धरते, त्याच्या पेंडीचे खत होते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. आडुथुमाने करंजाचीच निवड का केली हे लेखात सांगितलेले नाही. पण आपण ती निवड पुन्हा करण्यास पुष्कळ कारणे आहेत. पश्चिमेकडील जास्त पावसाच्या गावांत हिरडा आणि जांभूळ यांचा विचार करावा. हिरड्यावर तेथील अनेक आदिवासी कुटुंबांचा संसार चालतो. सारा उतार एकट्या गिरिपुष्पाने झाकू नये. पहिली तीन वर्षे चराई बंद ठेवावी. हीच अट सर्वांत कठीण जाते, म्हणून ती शेजाऱ्यांना विश्वासात घेऊनच पाळता येते.

हे सारे कागदावरचे नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उघड्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील मळी घातली आणि मायकोरायझा व नत्र धरणारे जिवाणू मुळांशी देऊन झाडे उभी केली. जेथे काही उगवत नव्हते तेथे सावली झाली. त्या ढिगाऱ्यांपेक्षा आपला मुरूम कितीतरी सौम्य आहे.

उताराची जमीन: एक इशारा

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. वर दिलेली रीत माळाची आहे, डोंगरउताराची नव्हे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागात आदिवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या ‘पडकई’च्या रीतीने, एकमेकांच्या श्रमाने, उतारावर भातखाचरे घडवीत आले. ते काम हाताने, थोडे थोडे आणि दगडी तालींच्या आधाराने होत असे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. मुसळधार पाऊस आणि उतारावरील कुजलेल्या खडकाचा जाड थर ही कारणे पुढे आली. त्याचबरोबर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचीही मोठी चर्चा झाली. कारणांचे प्रमाण कसेही ठरो, धडा स्पष्ट आहे. तीव्र उताराचा पायथा मुरुमासाठी कापू नये आणि कापला गेलाच असेल तर तेथे नुसती माती टाकून भागत नाही. पायथ्याला आधार, पाण्याला वाट आणि भूवैज्ञानिकाचा सल्ला, या तीन गोष्टी तेथे आधी हव्यात.

कायदा आपल्या बाजूने

मुरूम हे गौण खनिज आहे. ते काढण्यास महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागते. विनापरवाना उत्खनन झाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्याचा बोजा जमीनधारकाच्या सातबाऱ्यावर चढू शकतो. खाणारा निघून जातो आणि बिल गरिबाच्या नावावर फाटते, असे होऊ नये म्हणून परवाना कोणाच्या नावे आहे हे कागद पाहूनच पटवून घ्यावे.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्देश दिला की, खाणपट्टा देतानाच, खाणकाम संपल्यावर त्या जागेवर पुन्हा गवत उगवून ती चारा व वनस्पतींच्या वाढीस योग्य करण्याची अट घालावी. गावाच्या गायरानातून मुरूम जात असेल, तर परवानगीत कोणत्या अटी आहेत आणि जागा पूर्ववत करण्याविषयी काय लिहिले आहे, हे ग्रामसभेत विचारणे हा आपला हक्क आहे. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणे तर आपल्या शाळेतील नववीच्या मुलांनाही येते.

एक विनंती पालकांना. पावसाळ्यात पाण्याने भरलेले मुरुमाचे खड्डे ही मुलांसाठी जीवघेणी जागा आहे. काठावर माती भुसभुशीत आणि पाण्याखाली कडा उभी, त्यामुळे पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. जो खड्डा तळे म्हणून ठेवावयाचा असेल, त्याची निदान एक बाजू उतरती करावी आणि उरलेल्या बाजूंना काटेरी कुंपण घालावे.

आज आमच्या रानात

आम्ही काय केले, ते सांगून लेख संपवितो. कडेला लोटलेल्या दगडांखालून जेवढी काळी माती निघाली तेवढी वडिलांनी आणि मी दोन उन्हाळ्यांत पाटीने वेचली. ती फार नव्हती. पुढे गावच्या पाझर तलावातून सुमारे ४० ब्रास गाळ मिळाला. वर दिलेल्या हिशेबाने तो सात गुंठ्यांना पुरला. सव्वा एकरातले सात गुंठे. तेथे दोन वर्षे ताग गाडला, तिसऱ्या वर्षी हुलगा घेतला आणि चौथ्या वर्षी बाजरीची कणसे पाहायला वडील होते. आता ते नाहीत. खड्ड्याची एक बाजू उतरती करून तळे केले आहे, काठाने करंज लावले आहेत. उरलेल्या जागेत गवत आहे. तेथे शेत होण्यास माझे आयुष्य पुरणार नाही.

माजी विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी अभियंता आहे, कोणी ठेकेदार, कोणी महसूल खात्यात, कोणी यंत्र चालवतो, आणि पुष्कळांच्या घरी अद्याप एखादा एकर आहे. या दिवाळीला गावी जाल तेव्हा एक काम करा. घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घ्या, रानात तीन-चार ठिकाणी हातभर खड्डा काढा आणि काळी माती किती इंच आहे ते पट्टीने मोजा. तो आकडा तारखेसह सातबाऱ्याच्या उताऱ्याच्या मागे लिहून ठेवा. उद्या कोणी ‘फुकट सपाटीकरण’ घेऊन दारात आला, तर मुरुमाच्या दराआधी त्या आकड्याविषयी बोला.